रात्री दुखणारा पाय

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री दोन-अडीचला मूल पाय धरून रडत उठतं. आई तेल चोळते. आजी म्हणते, "वाढीचं वय आहे, दिवसभर हुंदडतो, दुखणारच." बहुतेक वेळा आजीचंच खरं असतं. वाढीचं दुखणं दोन्ही पायांत येतं, आज पोटरीत तर उद्या मांडीत, आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारायला मोकळं. पण दुखणं एकाच पायात, रोज त्याच जागी असेल, मूल बोट ठेवून जागा दाखवत असेल आणि आठवडेच्या आठवडे झोपमोड होत असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या.

अशा दुखण्याच्या मुळाशी कधी कधी हाडातली एक गाठ निघते, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. गाठ म्हटलं की आईवडिलांचा चेहराच उतरतो, म्हणून आधीच सांगते: हा कॅन्सर नाही. गाठीचा गाभा दीड सेंटीमीटरहून लहान, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पण त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची, वेदना वाढवणारी द्रव्यं पाझरतात. म्हणूनच आयबुप्रोफेनसारखी गोळी दिली की अर्ध्या-पाऊण तासात मूल शांत झोपतं. निदानाची ही मोठी खूण. भोवतीचं हाड जाड होत जातं आणि दाणा एक्स-रेत लपतो. सीटी स्कॅनमध्ये तो सापडतो.

पूर्वी यावर ऑपरेशन हाच उपाय होता. एवढासा दाणा शोधण्यासाठी बरंच हाड कोरावं लागे, मग मुलाला कित्येक आठवडे जपून चालावं लागे. १९९२ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. डॅनियल रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट दाखवली. मुलाला भूल देतात, सीटी स्कॅनवर बघत बघत त्वचेतून एक सुई थेट त्या दाण्यात नेतात आणि तिचं टोक साधारण ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाच-सहा मिनिटं ठेवतात. दाणा जळून जातो. जखम काही मिलीमीटरची, आणि मूल बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी. दहापैकी साधारण नऊ मुलं एकदाच्या उपचारात बरी होतात. काहींना पुन्हा करावं लागतं. गाठ मणक्यात, मज्जातंतूच्या जवळ असेल तर मात्र फार जपून ठरवावं लागतं.

काही मुलांमध्ये ही गाठ काही वर्षांत आपोआप शमते, त्यामुळे गोळ्यांवर वाट पाहणंही चालतं. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, कारण पोट आणि मूत्रपिंड दोन्ही सांभाळायचं असतं. ॲस्पिरिन मात्र मुलांना मनाने कधीच देऊ नका.

सगळ्याच गाठींना हात लावावा लागत नाही. पडल्यावर काढलेल्या एक्स-रेत अचानक दिसणारी नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा बहुतेकदा नुसती बघत राहायची, मोठेपणी ती हाडात विरून जाते. ॲन्युरिझमल सिस्ट या हाडातल्या रक्ताने भरलेल्या पोकळ गाठीत पॉलिडोकॅनॉल या गाठ आकसवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देतात, कधी कधी अनेकदा. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००६ साली अशा ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आहे.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद बरोबर न्या. रात्री किती वाजता दुखलं, नेमकं कुठे, कोणती गोळी दिली आणि किती वेळात झोप लागली, एवढंच लिहा. आणि ऑपरेशन सुचवलं, तर शांतपणे विचारा, "डॉक्टर, हे सुईने होण्यासारखं आहे का?"