वारल्यांची गोदाराणी

श्रोतेहो, नमस्कार. आज गोदावरी परुळेकर यांच्याविषयी बोलायचे आहे. पुण्याच्या सुखवस्तू वकिलाची ही मुलगी स्वतः कायद्याची पदवीधर होती. घरच्यांचा विरोध पत्करून त्या स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या, पुढे मुंबईत भारत सेवक समाजाच्या कामात राहिल्या, प्रौढांच्या साक्षरतेसाठी आणि घरकामगारांच्या संघटनेसाठी झटल्या, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धविरोधी प्रचाराबद्दल तुरुंगातही गेल्या. एवढे कार्यही थोडे नव्हे; पण माझ्या मते त्यांची खरी ओळख ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीतच पटते.

तिथे 'लग्नगडी' नावाची चाल होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचली, आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या शेतावर राबायचे असे ठरे. मजुरी म्हणून पोटापुरते धान्य मिळे, हिशेब मात्र सावकाराच्या वहीत राही, त्यामुळे कर्ज जन्मभर फिटत नसे. याखेरीज वेठ होतीच. देशात स्वराज्याची चर्चा चालू असताना या माणसांना स्वतःच्या अंगमेहनतीवरही हक्क नव्हता.

गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव या पाड्यांवर पायी हिंडले, वारल्यांच्या झोपड्यांत राहिले. मे 1945 मध्ये झरी गावी परिषद भरली. वेठ द्यायची नाही आणि मजुरीशिवाय मालकाच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही, असा तिथे निर्धार झाला. त्यानंतर वारल्यांनीच लाल बावटे घेऊन गावोगाव जाऊन लग्नगड्यांना मोकळे केले. मालकाच्या दारात उभे राहून, "आजपासून तुम्ही सुटलात," असे त्या जोडप्यांना त्यांच्याच भाऊबंदांनी सांगावे, ही मला त्या लढ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

बाईंना वारली 'गोदाराणी' म्हणू लागले. त्याच ऑक्टोबरात गवतकापणीचा संप सुरू झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी होती. तेव्हा तलवाड्याला गोदाराणीची सभा आहे, अशी खोटी बातमी पसरवण्यात आली. हजारो वारली जमले. बाई येतील या भरवशावर ते जागचे हलेनात, आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी तिथे मारले गेले. बाई त्या वेळी तलवाड्यात नव्हत्याच. सरकारने पुढे त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले, तरी वारल्यांनी संप मोडला नाही.