हरणाला मालक नसतो

मंडळी, पत्रिकेवर ‘हरणांचे जंत’ असं छापलंय. खाली जिन्यात एका काकूंनी विचारलं, “डॉक्टर, हे जेवणाआधी ऐकायचं की नंतर?” नंतरच बरं! जेवून आलात ना? मग सुरू करतो.

नान्नजच्या माळावर आपण ज्याला हरीण म्हणतो ते काळवीट. शास्त्रानं ते कुरंग. सारंगाची, म्हणजे चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर राहतात. पण सोलापुरात सगळे हरीणच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

नोकरीत असतानाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. एका मेंढपाळाच्या पोरानं निरोप आणला, बांधाकडेला हरणी मरून पडलीय. वनरक्षकाबरोबर गेलो. पंचनामा झाला. अंगावर कुत्र्याचा दात नाही की गाडीचा मार नाही. पापणी उलटून बघितली, आतून कागदासारखी पांढरी. जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत होती. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. चौथं पोट उघडलं आणि आत वळवळणारे दोरे! इंचभर लांब, लाल-पांढरा पीळ घातलेले. मादी जंताच्या आतड्यात हरणीचं रक्त, ते लाल. त्याला वेढून अंडाशय, ते पांढरं. असा एक जंत दिवसाला मिलिलिटरचा विसावा भाग रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत धरा, रोजचे पन्नास मिलिलिटर झाले. त्या एवढ्याशा जिवात रक्त असून असून किती, दोन-अडीच लिटर!

नमुने बाटलीत घेतले, परवानगीची कागदं घेतली आणि एका प्रयोगशाळेत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म पुढे केला. पहिला रकाना, मालकाचं नाव. म्हटलं, हरणाला मालक नसतो. ते म्हणाले, मग फॉर्म भरता येणार नाही. दोन दिवस मी या टेबलावरून त्या टेबलावर. लेंड्यांचा नमुना तोवर उन्हात नासला. ते मला आजही खुपतं. शेळी मेली तर रडायला घर असतं. हरणी मेली तर साधा रकानाही नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मुद्द्याचं सांगतो.

हा जंत मेंढरांचा आणि हरणांचा एकच. मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात अळी तयार होते आणि दहिवरात गवताच्या पात्यावर चढते. दहिवर वाळल्याशिवाय खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, चरायला सोडू नये असं जुनी माणसं म्हणतात, ते खरं आहे. त्याच पात्याला हरीण तोंड लावतं.

मग हरणांनाही औषध द्या, मिठाच्या विटेतून द्या, असं लोक सुचवतात. कृपा करून नको. कुणी किती चाटलं ते कळत नाही, आणि अर्धवट मात्रेतून तगलेला जंत पुढं औषधाला दाद देत नाही. आयव्हरमेक्टिनसारखं औषध लेंड्यांतून उतरून शेणकिड्यांनाही मारतं. ब्रिटनमधल्या रो हरणांना कुणी कधी औषध पाजलं नव्हतं, तरी त्यांच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंत सापडले.

म्हणजे ते पाळीव जनावरांकडूनच आलेले. म्हणून उपाय खांडीत करायचा. मेंढरू अंदाजानं नव्हे, वजन करून पाजा. पापणी बघा, फिकी असेल त्यालाच पाजा. बाकीच्यांच्या पोटात औषधानं मरणारे जंत राहतात, त्यांची पैदास टिकली तर औषधही टिकतं.

आणि हरणांचं? काळविटाचा नर ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो, तिथं ढीग साठतो. वनखात्यानं पावसाळ्यात दर महिन्याला त्यातल्या ताज्या उचलाव्यात. मिठाच्या दाट पाण्यात कालवल्या की अंडी वर तरंगतात, मोजता येतात. हरणाला हातही लावायला नको.

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडलाय. आज सकाळच्या मेंढराच्या लेंड्या आहेत, अंडी स्पष्ट दिसतात. लहान मुलांना आधी पुढे सोडा, स्टूल ठेवलंय.