हिवाळ्यात टनेल गच्च बंद ठेवताय?

(पहाटेचा उजेड. टनेलच्या, म्हणजे पिकावर उभारलेल्या प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या घराच्या आतून.)

हा हात बघा. टनेलच्या पेपरवरून, म्हणजे या प्लास्टिकवरून, नुसता एकदा फिरवला आणि पाणी मनगटावरून ओघळायला लागलं. रात्री पाऊस नव्हता, कालपासून ठिबकही बंद आहे. मग हे आलं कुठून?

झाडांनी सोडलं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं अगदी थोडं झाड स्वतःकडे ठेवतं, बाकी सगळं पानांवाटे हवेत जातं. उन्हाळ्यात दारं उघडी असतात, ते निघून जातं. थंडी पडली की आपण दारं-पडदे आवळून घेतो, फटींना गोणपाट लावतो, आणि काही दिवसांनी पानांवर राखाडी लव दिसली की फवारणीच्या मागे लागतो. मी स्वतः पहिले दोन हिवाळे हेच केलं. आता माझं मत पक्कं झालंय: टनेलमधली झाडं थंडीने जातात त्यापेक्षा जास्त कोंदट ओलीने जातात.

थोडा हिशेब मांडू. 20 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. 10 अंशांना साधारण साडेनऊ ग्रॅम. 5 अंशांना सातच्याही आत. समजा, दुपारी आत 20 अंश आहे आणि हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, 60 टक्के दाखवतोय. आपण खूश. पण तीच हवा रात्री 12 अंशांवर उतरली की आर्द्रता 100 टक्के! पाणी कुणी घातलं नाही, हवेची झोळी लहान झाली. मग जे मावत नाही ते पेपरवर, पानांवर, फळांवर.

म्हणून दुपारी चारचं दार महत्त्वाचं. ऊन कलायच्या आधी आतली उबदार, ओली हवा बाहेर काढून टाका आणि मगच बंद करा. ती आत कोंडून ठेवली तर रात्री तिचंच पाणी होणार.

पण खरी गफलत सकाळी होते. सूर्य वर आला की आतली हवा भराभर तापते. फळं आणि जाड खोडं मात्र रात्रीची गारच असतात. झाडं पुन्हा वाफ सोडायला लागतात आणि ती वाफ त्या गार फळांवर जाऊन बसते. थंडगार तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. राखाडी बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, असे काही तास ओलावा मिळाला की पुरे. केवडा या बुरशीजन्य रोगाचंही तेच. भुरीचं, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीचं, गणित वेगळं आहे. तिला पान ओलं लागत नाही, दमट हवा भागते. त्यामुळे पानं कोरडी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका.

एक प्रश्न हमखास येतो: बाहेर धुकं असताना तीच दमट हवा आत कशाला घ्यायची? घ्या, बिनधास्त. बाहेरची हवा 5 अंशांवर अगदी 100 टक्के असली, तरी आत येऊन 15 अंशांना तापली की ती पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर येते. गार हवा दमट वाटते, पण तिच्यात पाणी कमी असतं.

उघडताना दोन्ही टोकांनी थोडं थोडं उघडा. एकच दार सताड उघडून मधली हवा हलत नाही. वरची खिडकी असेल तर उत्तमच, कारण गरम आणि ओली हवा हलकी असते, ती आपसूक वर जाते. वारा जोराचा असेल तर मात्र वाऱ्याकडची बाजू बंदच ठेवा, नाहीतर पेपर फुग्यासारखा उचलला जाईल.

पाणी सकाळीच, बुडाशी, आणि हिवाळ्यात हात आखडून. संध्याकाळी पानांवर पाणी मारणं तर विसराच.

आणि हो, आत रॉकेलचा किंवा गॅसचा शेगडीवजा हीटर लावणाऱ्यांनो! एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन आत येतं. ऊब मिळते, पण सोबत ओलही. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तो वेगळाच.

मग कडाक्याच्या रात्री काय करायचं? एकेरी पेपर उष्णता फारशी धरत नाही. निरभ्र, बिनवाऱ्याच्या पहाटे आत-बाहेर जवळजवळ सारखीच थंडी असते. त्यापेक्षा झाडांवर क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं हलकं कापड, अंथरा आणि सकाळी आठवणीने काढा. राहिलं तर त्याच्याखाली दुसरा कोंदट टनेल तयार होतो. खालची पिवळी, लोळलेली पानं छाटून बादलीत घाला आणि बादली बाहेर न्या. बुरशी आधी तिथेच घर करते.

हायग्रोमीटर झाडांच्या उंचीवर, सावलीत टांगा. दाराशी टांगलेला खोटं बोलतो. माझा आत्ता 97 दाखवतोय, कारण तुम्हाला हे पाणी दाखवायचं म्हणून मी दार अजून उघडलेलं नाही.

ऊन आलं बघा पेपरवर. थांबा, पलीकडचं दार उघडून येतो.