तीर्थ म्हणजे आधी पाणी

नमस्कार मंडळी. आज यात्रेबद्दल बोलायचंय, पण सुरुवात घरातूनच करतो.

आमच्या आजीच्या देवघरात तांब्याचा एक छोटा गडू होता, सीलबंद, हलवला की आत पाणी डुचमळायचं. आजोबा काशीहून आले तेव्हा मावंदं घातलं, गावजेवण झालं, त्या दिवशी एक गडू फोडून सगळ्यांच्या हातावर गंगा दिली आणि हा दुसरा तसाच ठेवला. कशासाठी ठेवला ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. आजी गेली त्या रात्री बाबांनी तो उघडला, हात थरथरत होते म्हणून सील निघेना, मग शेजारच्या चाचींनी त्यांच्या हातातून घेतला, उघडला आणि परत बाबांकडे दिला. तुळशीचं पान बुडवून दोन थेंब आजीच्या ओठांवर. नंतर चाची आईला म्हणाल्या, माझ्याही कपाटात झमझमची बाटली आहे, हजहून आणलेली, ती पण ह्याचसाठी ठेवलीय.

तेव्हापासून तीर्थ म्हटलं की मला देऊळ दिसत नाही, पाणी दिसतं. आणि आपल्या भाषेला हे आधीपासूनच माहीत आहे बघा. पुजारी उजव्या हातावर पळीभर देतो ते तीर्थ, आपण जातो ते गावही तीर्थ, आणि संस्कृतात ह्या शब्दाच्या मुळाशी आहे तरून जाणं, म्हणजे तीर्थ म्हणजे नदीचा उतार, जिथनं पाण्यात पाय घालून पलीकडे जाता येतं ती जागा. जैनांचे तीर्थंकर म्हणजे असा उतार करून देणारे. आणि आपण वडलांना पत्र लिहिताना तीर्थरूप लिहायचो, त्याचा अर्थ लिहिताना कधी मनात आला नाही, आता येतो.

आता मक्केचं बघा. हज म्हटलं की काबा आणि त्याभोवतीच्या सात प्रदक्षिणा, तवाफ, एवढं आपल्याला ऐकून माहीत असतं. पण त्याच यात्रेत सफा आणि मरवा ह्या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालायच्या असतात, सगळं मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं, आणि त्यामागे आहे एक आई. वाळवंटात एकटी हाजरा, तान्हा इस्माईल तहानेनं रडतोय, ती कधी ह्या टेकडीवर चढून बघते कधी त्या, कुठे काफिला दिसतो का, कुठे पाणी दिसतं का, आणि शेवटी लेकराच्या पायाशी झरा फुटतो, तोच झमझम. आज तिथं एसी लावलेला मोठा हॉल आहे, मधल्या एका टप्प्याला हिरवे लाइट आहेत, तिथं पुरुष जरा पळत जातात, कारण ती तिथं पळाली होती. लाखो माणसं, राजे, मजूर, डॉक्टर, सगळे एका घाबरलेल्या आईची पळापळ आपल्या पायांनी पुन्हा करतात. यात्रेचा ह्याहून खोल अर्थ मला तरी कुठे सापडला नाही.

पुढे खलिफा हारून अल् रशीदची राणी झुबेदा हिनं कुफा ते मक्का ह्या वाटेवर यात्रेकरूंसाठी विहिरी आणि टाकी बांधली, मक्केत पाणी आणायला कालवा काढला. तो रस्ता आजही तिच्या नावानं ओळखला जातो, दर्ब झुबेदा.

जपानात शिकोकू बेटावर ८८ देवळांची परिक्रमा आहे, साधारण १२०० किलोमीटर, पायी केली तर महिना-दीड महिना लागतो. कूकाई नावाचे बौद्ध आचार्य होऊन गेले, त्यांना कोबो दाइशी म्हणतात, त्यांच्या नावाची ही वाट. हातातली काठी म्हणजे स्वतः दाइशी, म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं मग आपलं बघायचं, आणि पुलावरनं जाताना काठी टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते, कदाचित आजही झोपले असतील, झोपमोड नको. वाटेवरचे गावकरी यात्रेकरूला चहा, संत्री, कधी थोडे पैसे देतात, ह्या देण्याला ओसेत्ताई म्हणतात आणि ते सहसा नाकारायचं नसतं. दाइशींची एक गोष्ट तर जपानभर गावोगाव सांगतात. एका म्हातारीकडे एका तहानलेल्या भिक्षूनं पाणी मागितलं, गावात पाणीच नव्हतं, पण ती लांब चालत गेली आणि त्याच्यासाठी घेऊन आली. त्यानं काठी जमिनीवर मारली, झरा फुटला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला पैठणचे नाथ आठवले. रामेश्वराला घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन निघालेत, एवढा लांबचा पल्ला, बरोबर माणसं, आणि वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडतंय. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. बरोबरचे हळहळले, यात्रा फुकट गेली म्हणाले, नाथ म्हणाले माझा रामेश्वर इथंच पावला. ही गोष्ट आपण शाळेत भूतदयेचा धडा म्हणून ऐकली, पण मला वाटतं ती यात्रेचीच गोष्ट आहे. तुकोबांनी तर स्पष्टच सांगून टाकलं की तीर्थात धोंडा आणि पाणीच असतं, रोकडा देव बघायचा तर सज्जनात. आणि तरी ते वारी करत राहिले, हे विसरायचं नाही.

पण पाण्याची ही कहाणी अशीच गोड गोड सांगून चालणार नाही, कारण ह्याच महाराष्ट्रात पाणी नाकारलंही गेलंय. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं कागदावर सगळ्यांना खुलं केलं होतं, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथं ओंजळ बुडवता येत नव्हती, गुरं पीत होती ते चाललं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळं शुद्ध केल्याचा विधी झाला, खटला चालला, हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब बोलले त्याचा आशय असा, की हे पाणी प्यायलो म्हणजे आम्ही अमर होऊ असं काही नाही, इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे सांगायला आम्ही तळ्यावर चाललोय. आज दर २० मार्चला माणसं लांबून महाडला येतात, तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात. तीर्थ शब्द ह्याहून जास्त कुठे शोभेल सांगा. आणि पंढरीचं देऊळ? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेरच राहिली, ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं.

आषाढी एकादशीसाठी ज्येष्ठातच आळंदीहून माऊलींची पालखी निघते, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल, नीरेला पादुकांना स्नान, आणि वाटेवर प्रत्येक गावात कुणी ना कुणी पाण्याची घागर घेऊन उभं असतंच. मी लहानपणी उभा राहायचो, आजीबरोबर, हंडा आणि दोन पेले घेऊन. एकदा डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक बाई थांबली, वय झालेलं, पायाला चिंध्या बांधलेल्या. मी पेला पुढे केला तर म्हणाली, आधी तिला घाल. मी टाचा उंच करून तुळशीत पाणी घातलं, मग तिनं ओंजळ धरली, कोपरापर्यंत पाणी ओघळलं, प्यायली, आणि एका हातानं वृंदावन सावरत माझ्या पाया पडायला वाकली. मी घाबरून मागे सरकलो, नऊ-दहा वर्षांचा पोर मी. आजीनं मला खांद्याला धरून पुढे ढकललं, म्हणाली, "सरकू नको रे. माऊली म्हण, आणि तूही पड."