म्युच्युअल फंडवाल्याच्या ऑफिसात बॅक ऑफिसवाले करतात काय?

नमस्कार मंडळी! म्युच्युअल फंडवाल्याकडे नोकरी लागली म्हटलं की नातेवाईक पहिलं विचारतात, "मग सांग, पैसे कुठे टाकू?" पुण्यातल्या एका वितरकाकडे, म्हणजे फंड विकणाऱ्याकडे, मी सात वर्षं ऑपरेशन्सला (कागदपत्रं आणि व्यवहार बघायला) होते. फंड सांगणं माझं काम नव्हतंच.

माझं काम घड्याळाकडे बघण्याचं. इक्विटी म्हणजे शेअर्सच्या फंडात त्याच दिवशीच्या भावाने पैसे लावायला दुपारी 3 ची वेळ असते. नुसता फॉर्म वेळेत जाऊन भागत नाही. 1 फेब्रुवारी 2021 पासून पैसेही 3 च्या आत फंडाच्या खात्यात पोचावे लागतात, नाहीतर एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. त्यामुळे पावणेतीनला चेक घेऊन "आजच लाव गं" म्हणणारे काका आले, की पोटात गोळा यायचा.

त्याहून अवघड काम नावांचं. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, बँकेत मधलं नावच नाही. केवायसी अडकणारच. आणि काकूंना हे कळतं कधी? काका गेल्यावर, फाइल घेऊन येतात तेव्हा. समोरची बाई रडत असते आणि आपण म्हणायचं, "काकू, मृत्यूदाखल्याची साक्षांकित प्रत लागेल." मी आधी पाणी द्यायचे, कागदांची यादी स्वतः लिहून द्यायचे आणि नॉमिनीचं नाव तिथेच तपासायचे. तोंडी सांगितलेलं त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही हो.

आता धोक्याची जागा. बाजार पडला की फोन येतो, "एसआयपी बंद करू का?" उत्तर जिभेवर असतं. पण एनआयएसएम या संस्थेची व्ही-ए (फंड वितरकांची) परीक्षा देऊन ईयूआयएन, म्हणजे फंड विकणाऱ्या माणसाचा ओळख क्रमांक, घेतला नसेल, तर सल्ला द्यायचा नाही. "सर फोन करतील" म्हणायचं आणि सर खरंच फोन करतात ना, ते बघायचं. मी एकदा "थांबा ना काका" बोलून गेले. सल्ला बरोबर होता, तरी बोलणी खाल्ली, आणि ती रास्तच होती. त्याच वर्षी परीक्षा दिली. 100 गुणांची असते, 50 ला पास.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर दोन गोष्टी विचारून घ्या: परीक्षेची फी कोण भरणार, आणि मार्चमध्ये रजा मिळते का? कर वाचवणाऱ्यांची गर्दी तेव्हाच होते. आमच्याकडे मिळायची नाही. माझ्या सख्ख्या भावाचं लग्न 29 मार्चला होतं. हळदीला मी फोनवर होते.