त्रोवसच्या किनाऱ्यावर

समुद्रापाशी येऊन वाट संपते. हे त्रोवस बंदर, आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य किनाऱ्यावरचं. इसवी सन 50च्या सुमाराला चालून चालून शिणलेली काही माणसं इथे येऊन थांबली होती. येशूची सुवार्ता, म्हणजे शुभवर्तमान, गावोगाव सांगत फिरणारा प्रेषित पौल, त्याचा सोबती सीला आणि नुकताच त्यांच्यासोबत निघालेला तरुण तीमथ्य.

खरं तर त्यांना इथे यायचंच नव्हतं.

त्यांना आसिया प्रांतात देवाचं वचन सांगायचं होतं. आसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. पवित्र आत्म्याने त्यांना तिथे बोलू दिलं नाही. मग ते उत्तरेला, बिथुनिया प्रांताकडे वळले. येशूच्या आत्म्याने तिकडेही जाऊ दिलं नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात हे सारं दोन-तीन ओळींत आटोपतं. पण नकाशावर बोट फिरवून पाहा. त्या दोन-तीन ओळींत शेकडो किलोमीटरची पायपीट आहे. आणि ‘का नाही’ याचं उत्तर कुठेच दिलेलं नाही.

इथे मी दर वेळी अडखळतो. पौलाचा बेत वाईट असता, तर गोष्ट वेगळी. पाप सोड, असं प्रभू म्हणाला तर कारण निदान कळतं तरी. पण सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसालाच प्रभूने अडवावं? देवासाठीच आखलेला, प्रार्थनेत घोळवलेला चांगला बेत हातातून सुटू देणं फार जड जातं. नम्रतेचा खरा कस मला तिथे लागताना दिसतो.

पौलाच्या कितीतरी शतकं आधी इस्राएलाचा राजा असलेल्या दाविदाचंही असंच झालं होतं. परमेश्वरासाठी मंदिर बांधायचं त्याच्या मनात होतं. नाथान संदेष्टाही म्हणाला, मनात आहे ते कर. पण त्याच रात्री देवाचा निरोप आला: मंदिर तू नाही, तुझा पुत्र बांधील. दावीद रुसला नाही. परमेश्वरापुढे जाऊन बसला आणि म्हणाला, मी कोण, की तू मला इथवर आणलंस? पुढे त्याने काय केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. तो सामान जमवू लागला. गंधसरूचं लाकूड, चिरे, पितळ. दारांच्या फळ्यांना लागणाऱ्या खिळ्यांसाठी लोखंडसुद्धा. जे मंदिर आपल्या हातून उभं राहणार नाही, त्याच्या दारांचे खिळे.

हे स्वीकारणं निमूट असलंच पाहिजे, असं मात्र नाही. दुःखात बुडालेल्या माणसाला ‘देवाची इच्छा’ एवढंच म्हणून गप्प करू नये, असं मला मनापासून वाटतं. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने एकदा नाही, तीनदा मागितलं की हा दुःखाचा प्याला टळू दे. घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, हे शब्द त्या घामातूनच आले.

त्रोवसला परत येऊ. रात्री पौलाला दृष्टान्त झाला. समुद्रापलीकडच्या मासेदोनिया प्रांताचा एक माणूस उभा राहून विनवत होता, इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर. सकाळी त्यांनी तारू गाठलं. समथ्राके बेट, दुसऱ्या दिवशी नियापुलि बंदर, तिथून पुढे मासेदोनियातलं फिलिप्पै शहर. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी ते नदीकाठी गेले. दृष्टान्तात पुरुष दिसला होता, पण इथे बसल्या होत्या स्त्रिया. त्यांतली लुदिया जांभळी वस्त्रं विकणारी. प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं आणि तिच्या घरादाराचा बाप्तिस्मा झाला. ती मूळची कुठली? थुवतीरा नगराची. आणि थुवतीरा आहे आसिया प्रांतात! ज्या प्रांतात पौलाला बोलू दिलं नव्हतं, तिथलीच एक बाई समुद्रापलीकडे, नदीकाठी त्याची वाट पाहत असल्यासारखी बसली होती.

त्याच शहरात पौल आणि सीला यांना फटके बसले, तुरुंगात पाय खोड्यात अडकवले गेले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गीतं गात होते.

काही वर्षांनी पौलाने आणखी एक बेत केला. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो दोनदा स्पेनचं नाव घेतो. रोम वाटेत लागेल, तुम्हाला भेटेन, मग पुढे जाईन. प्रत्यक्षात काय झालं? यरुशलेमेत अटक. कैसरियात दोन वर्षं कैद. मग 276 माणसांचं जहाज वादळात फुटलं, तीन महिने मिलिता (आजचं माल्टा) बेटावर गेले. रोम दिसलं ते कैदी म्हणून. तिथे भाड्याच्या घरात दोन वर्षं, पहाऱ्याला एक शिपाई.

परंपरा सांगते की याच घरातून त्याने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं. त्रोवसला वाट अडली नसती, तर ज्यांची तेव्हा गाठच पडली नसती, त्या माणसांना. माझ्यावर जे ओढवलं त्याने सुवार्तेची वाढच झाली, असं तो त्यांना कळवतो. सगळ्या पहारेकऱ्यांना ठाऊक झालंय, मी ख्रिस्तासाठी बंधनात आहे. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, असं लिहितो, आणि लगेच पुन्हा तेच सांगतो.

फिलिप्पैकरांनी पौलाच्या मदतीला पाठवलेला एपफ्रदीत आजारातून नुकताच उठला होता. पौलाने त्याला फिलिप्पैला परत पाठवलं. पत्रात स्पेनचं नाव नाही.