रॉकेटला रंग कोणी द्यायचा?

नाशिककर मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'मॉडेल रॉकेटची सजावट आणि विज्ञान'. विज्ञानाकडे येतोच. पण एक गोष्ट माझ्या मनात सलते आहे, ती आधी सांगू द्या.

इथल्याच एका प्रदर्शनात दुसरीतल्या मुलीनं पाण्याचं रॉकेट आणलं होतं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, पुठ्ठ्याचे तीन पंख, आत तिसरा हिस्सा पाणी भरायचं आणि सायकलच्या पंपानं हवा; दाबलेली हवा पाणी खाली फेकते आणि रॉकेट वर जातं. पण तिनं वर काय काढलं होतं? रहाड! पेशवेकाळापासूनची आपली रहाड, रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद. रंगपंचमीला तीत धप्पा, म्हणजे उडी, मारलेले लोक इथेही बरेच दिसतायत! एक पंख पिवळा, एक गुलाबी, एक हिरवा. बाटलीवर माणसंच माणसं, सगळ्यांचे पाय वर. मी विचारलं, "पाय वर का गं?" ती म्हणाली, "सर, उडी मारल्यावर पाणी उडतं ना, तसंच हेही उडणार."

पाण्याच्या रॉकेटला याहून योग्य चित्र मला आजवर सुचलेलं नाही.

आदल्या संध्याकाळी आयोजकांपैकी एकानं 'पाहुण्यांसमोर नीटनेटकं दिसावं' म्हणून ते रॉकेट पंखांसकट चंदेरी कागदात गुंडाळलं आणि वर संस्थेचं छापील नाव चिकटवलं. सकाळी मुलगी आली, टेबलाभोवती दोनदा फिरली आणि वडिलांना म्हणाली, "माझं कुठंय?" वडील म्हणाले, "हे काय, किती छान झालंय!" ती रडली नाही. फक्त उडवायला मैदानावर आली नाही. तो कागद मी तिथल्या तिथे सोलायला हवा होता. नाही सोलला, याचं दुःख मला आजही आहे.

मेन रोडला गेलात तर चकाकणारे महागडे कागद घेऊ नका. संक्रांतीला उरलेला पतंगाचा कागद द्या, हलका असतो तो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

रंगाला वजन असतं. अमेरिकेच्या स्पेस शटल या अवकाशयानाची बाहेरची इंधनटाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवली होती. पुढे रंग देणं बंद केलं आणि सुमारे २७० किलो वाचले. आपल्या रॉकेटच्या पंखांवर रंगाचे थर चढले, की गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेटचा तोल साधतो तो बिंदू, मागे सरकतो आणि रॉकेट हवेत कोलांट्या खातं. म्हणून मुलाचा रंग खरवडू नका, नाकात थोडी चिकणमाती भरा. मग तोल साधतो तिथे दोरा बांधून गरागरा फिरवा. नाक पुढे राहिलं तर रॉकेट सरळ जाईल.

स्प्रेचा रंग आणि गरम गोंद थेट बाटलीवर नको, प्लास्टिक कमजोर होऊन दाबाखाली फुटू शकतं. कागद टेबलावर सपाट असताना मुलांना रंगवू द्या, मग बाटलीला गुंडाळा.

शेवटचं. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन व्ही-२ आणि माणसाला चंद्राकडे नेणारं सॅटर्न-५, या रॉकेटांवरचे काळे-पांढरे पट्टे नटण्यासाठी नव्हते. रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय, हे जमिनीवरून टिपलेल्या चित्रणात त्यावरून कळायचं. त्या मुलीच्या तीन पंखांना तीन रंग होते. ते रॉकेट तसंच उडालं असतं, तर त्याच्या गिरक्या आपल्याला मोजता आल्या असत्या.